वरून लावायचं तेल

आमच्या घरी डिशवॉशर आला, त्याच रात्री मी त्यात पोळपाट घातला.

हे वाचून ज्यांच्या पोटात खड्डा पडला, त्यांना पुढचं सांगायची गरज नाही. ‘बरं, मग?’ असं ज्यांना वाटलं, ते माझे भाऊबंद. त्यांच्यासाठीच हे लिहितो आहे.

पोळपाट आईचा. तिचं लग्न १९६३ सालचं. तेव्हा कुडाळजवळच्या आमच्या गावातल्या मेस्त्रीने परसातल्या फणसाचा करून दिलेला. फणसाचं लाकूड कापलं की हळदीसारखं पिवळं दिसतं, आणि मग वर्षानुवर्षं हवा आणि उजेड खात खात तपकिरी होत जातं. मी पाहतोय तेव्हापासून आमचा पोळपाट गुळाच्या ढेपेच्या रंगाचा. खाली पाय तीन. चार असते तर जरा उंचसखल जमिनीवर एक पाय अधांतरी राहिला असता. तीन पायांची वस्तू कुठेही ठेवा, डुगडुगत नाही. मेस्त्रीला भूमिती कुणी शिकवली नव्हती, पण डुगडुगता पोळपाट दिला तर नव्या नवरीची सासू काय बोलेल हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

तर सकाळी मी मोठ्या ऐटीत डिशवॉशरचं दार उघडलं. ताटं लखलखत होती, वाट्यांत तोंड दिसत होतं. आणि मधोमध पोळपाट, काठापासून आत चांगली बोटभर लांब भेग पडलेला. वरचा भाग इतका खोलगट की त्यात आमटी वाढता आली असती. शेजारी लाटणं. ते मी ओट्यावर सोडून पाहिलं तर सरळ घरंगळायचं सोडून लंगडत लंगडत गॅसकडे गेलं. (लाटणं आणि नवरा या विषयावर मराठीत पुरेसे विनोद झालेले आहेत. मी भर घालणार नाही. बायकोने त्या दिवशी ते हातातही घेतलं नाही, एवढंच नोंदवतो.)

आई स्वयंपाकघरात आली. वय वर्षं ८२. एरवी दूध उतू गेलं तरी तिचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत पोचतो. त्या दिवशी तिने भेगेवरून नुसतं बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, “मेल्या, ह्यां काय केलंस?” मी मशीनची बाजू मांडायला लागलो, तर म्हणाली, “ता लाकूड आसा रे झिला. भांडां न्हय.”

या एका वाक्याचा अर्थ समजायला मला पंधरा दिवस लागले. लाकूड पाणी पितं आणि फुगतं. तेही लांबीत नाही, रुंदीत. सुकलं की पुन्हा आवळतं. सावकाश प्यालं, सावकाश सुकलं तर काही होत नाही. पण तास-दीड तास साठ-सत्तर अंशांच्या पाण्यात शेकलं आणि लगेच गरम हवेत वाळवलं, की वरची कातडी आवळते आणि आतलं अंग अजून फुगलेलंच राहतं. मग जिथे ओढाताण असह्य होते तिथे तडकतं. एकत्र कुटुंबातही असंच होतं म्हणा, पण तिथे मशीन लागत नाही.

आई काय करायची ते मग एकेक आठवायला लागलं. पोळ्या झाल्या की पोळपाटावरची सुकी कणीक उलथण्याच्या धारेने खरवडायची, ओल्या फडक्याने पुसायचं, लगेच कोरड्या फडक्याने पुसायचं, आणि पोळपाट भिंतीला टेकवून उभा करायचा. आडवा नाही. लहानपणी मला वाटायचं, जागा वाचवते. खरं कारण असं की आडवा ठेवला तर वरची बाजू वाळते, खालची ओलीच राहते आणि लाकूड वाकतं. उभा ठेवला की दोन्ही बाजूंना वारा सारखा लागतो. उन्हात मात्र कधी नाही. उन्हात पापड. ताकाची रवी वापरल्याबरोबर गरम पाण्याखाली धुवायची, कारण लोण्याचा ओशटपणा पाकळ्यांच्या बेचक्यांत बसला की दुसऱ्या दिवशी ताकाआधी रवीचाच वास येतो. लोणच्याच्या बरणीत लाकडी चमचा, पण खडखडीत कोरडा. नाहीतर आंब्यावर बुरशीची पांढरी दुलई. यातलं एकही कारण तिने कधी सांगितलं नाही. ‘असं करू नये’ एवढंच. आमच्या घराण्यात शास्त्र कायम आज्ञार्थात शिकवलं गेलं.

कामाला येणाऱ्या मावशींचं शास्त्र निराळं. भांडं म्हणून जे काही आहे ते रात्रभर टबात भिजलं पाहिजे आणि सकाळी तारेच्या घासणीने घासलं पाहिजे, ही त्यांची श्रद्धा. भाजी चिरायची लाकडी फळी त्यांनी घासून घासून इतकी केसाळ केली होती की तिच्यावरून हात फिरवला तर कुसळं लागायची. मी पॉलिश पेपर आणून ती गुळगुळीत केली, कांदा-लसणाचा वास जावा म्हणून मीठ पसरून अर्ध्या लिंबाने घासली. लिंबू मे महिन्यातलं होतं. त्या अर्ध्या लिंबाचा हिशेब मला अजून ऐकावा लागतो.

“तुम्ही घासताय तर मग मी कशाला?” मावशी म्हणाल्या. प्रश्न बिनतोड होता.

आता तेल. लाकडाला तेल पाजलं की त्याच्या छिद्रांत पाण्याला जागा राहत नाही, इतकी साधी गोष्ट आहे. मी पहिल्यांदा घरातलंच शेंगदाण्याचं पाजलं. आठवड्यात फळी चिकट झाली आणि खवट वास सुटला; शिळ्या चिवड्याचा असतो ना, तसा. आई म्हणाली खोबरेल लाव. ते बरंच उशिरा खवट होतं, हे खरं, पण होतं. मग कुणीतरी जवसाचं तेल सुचवलं. जवसाचं तेल हवेत हळूहळू घट्ट होऊन सुकतं, म्हणून क्रिकेटच्या बॅटीला ते लावत आले आहेत. पण रंगाच्या दुकानात जे मिळतं त्यात ते लवकर सुकावं म्हणून धातूंचे क्षार घातलेले असतात. “बॅटला की दाराला?” दुकानदाराने विचारलं. पोळपाटाला म्हटल्यावर त्याने डबा माझ्या हातातून काढून घेतला. देव त्याचं भलं करो.

शेवटी कळलं की खवट न होणारं, बिनवासाचं, बिनचवीचं आणि पोटात गेलं तरी चालणारं तेल म्हणजे लिक्विड पॅराफिन. ते किराण्यात मिळत नाही, औषधाच्या दुकानात मिळतं. का मिळतं, याची चौकशी मी आधी करायला हवी होती.

संध्याकाळी सातची वेळ. दुकानात गर्दी. मागे आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी उभे.

“लिक्विड पॅराफिन द्या.”

केमिस्टने सहानुभूतीने पाहिलं. “किती दिवस झाले?”

मला वाटलं, अपघाताला. “झाले की पंधरा दिवस.”

“पंधरा!” त्याचा आवाज खाली आला. “त्रास खूप होतोय?”

“त्रास म्हणजे, सरळ भेगच पडलीय.”

मागे कुणीतरी “अरेरे” म्हणालं. केमिस्ट काउंटरवर वाकला. “काका, मग नुसत्या ह्याने भागायचं नाही. डॉक्टरांना दाखवा. रात्री झोपताना दोन चमचे घ्यायचं, हे...”

“घ्यायचं नाही हो, वरून लावायचंय. रात्री चांगलं चोळून लावायचं, सकाळी फडक्याने पुसून काढायचं. आठवडाभर रोज, मग महिनाभर आठवड्यातून एकदा, मग जन्मभर महिन्यातून एकदा.”

दुकानात शांतता पसरली. मी पैसे देऊन अर्ध्या लिटरची बाटली घेऊन बाहेर पडलो. लिक्विड पॅराफिन हे बद्धकोष्ठावरचं जुनं औषध आहे, हे घरी येऊन बाटलीवरचं लेबल वाचल्यावर समजलं. तोवर उशीर झाला होता. दुसऱ्या दिवशी सेक्रेटरींच्या घरून पपई आली. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी इसबगोलचा डबा पाठवला, आणि लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून, काही न बोलता, नुसती मान हलवली. पपई गोड होती.

तेल मात्र गुणाचं निघालं. पहिल्या रात्री चार चमचे चोळले, सकाळपर्यंत पोळपाटाने सगळे पिऊन टाकले. लाकूड काळसर, तुकतुकीत झालं, शिरा वर आल्या. महाबळेश्वरहून आणलेलं मधमाशीचं मेण घरात पडून होतं. चार भाग तेलात एक भाग मेण वितळवून मलमही केलं. ते ज्या पातेल्यात केलं, ते आता माझं पातेलं म्हणून ओळखलं जातं.

दरम्यान आमच्या सुनेने प्लास्टिकचा बोर्ड आणला होता. लाकडात जंतू राहतात म्हणून. मी लगेच १९९४चा दाखला काढला. डीन क्लायव्हर या अमेरिकी शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लाकडी आणि प्लास्टिकच्या फळ्यांवर मुद्दाम जंतू सोडून पाहिले. लाकडात ते आत शोषले गेले आणि पुन्हा वर न येता तिथेच मेले. सुरीने चरे पडलेलं जुनं प्लास्टिक मात्र हाताने धुऊन नीट स्वच्छ होईना. कच्च्या कोंबडीसारख्या गोष्टींची काळजी त्यांना होती. मी हे सगळं आईला ऐकवलं. तिने लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “पोळपाटार कोंबडी कोण कापता रे?”

संशोधन तिथे संपलं. डिशवॉशरच्या दारावर आता आईच्या सांगण्यावरून आणि माझ्या अक्षरात एक कागद चिकटवलेला आहे: ‘लाकूड घालू नये.’ खाली कारण लिहिलेलं नाही.

पोळपाटाचा खोलगटपणा बराचसा गेला. भेग अर्धी मिटली, अर्धी राहिली, त्यामुळे आमच्या घरच्या प्रत्येक पोळीवर काठाकडे एक बारीक रेघ उमटते. पाहुणे विचारतात, तेव्हा आई माझ्याकडे बोट दाखवते.

बाटलीत अजून तीनशे मिलीच्या वर तेल शिल्लक आहे. डोंबिवलीत कुणाला हवं असेल तर संकोच न करता घेऊन जावं. कशाला हवंय, ते आम्ही विचारणार नाही.