अर्जुनाचं पातळ

“बाबा, मला आईची निळी साडी पाहिजे. मी पुष्पा करून राहिलो.”

सातवीतल्या पोराने सकाळी सात वाजता, तोंडात ब्रश असताना केलेली ही मागणी. जानेवारी २०२५. शाळेचं गॅदरिंग चार दिवसांवर आलेलं. माझी आई स्वयंपाकघरातून उलथनं घेऊनच बाहेर आली.

“काहून रे? पोरीचा पार्ट दिला का तुले?”

“आजी, हीरोचा पार्ट आहे. हीरोच साडी नेसते त्यात.”

“मंग हिरोइन काय नेसते?”

पोराकडे याचं उत्तर नव्हतं. नागपुरात तेव्हा कोणाकडेच नसावं, कारण सगळ्यांचं लक्ष हीरोच्या साडीकडे होतं. ‘पुष्पा २’मध्ये अल्लू अर्जुन गंगम्माच्या जत्रेत साडी नेसून, बांगड्या भरून, अंग निळं रंगवून येतो आणि तशा वेषातच दहा-वीस जणांना लोळवतो. डिसेंबर २०२४ मध्ये हा सिनेमा लागला तेव्हा आमच्या शहरात एक प्रकार घडला. पोलिसांना हवा असलेला एक फरारी गुंड मध्यरात्रीच्या खेळाला येऊन बसला. पोलिसांनी आधी बाहेर उभ्या असलेल्या त्याच्या गाडीची हवा सोडली. मग सिनेमा शेवटाकडे येऊन गडी पडद्यात पुरता रंगला, तेव्हा आत जाऊन त्याला अलगद उचललं. गुन्ह्यांची भलीमोठी यादी नावावर असलेला माणूस पोलिसांची भीती विसरला, तो साडी नेसणाऱ्या हीरोपायी. त्यापुढे माझं पोरगं म्हणजे किस झाड की पत्ती.

बायको म्हणाली, “मला माझ्यापुरती सहावारी नेसता येते. मारामारीसाठी वेगळी नेसतात का, ते आईंना विचारा.” आई म्हणाली, “मला काय विचारता? याला विचारा. याला अनुभव आहे.”

झालं. पस्तीस वर्षं झाकून ठेवलेली मूठ आईने सुनेसमोर उघडली.

१९९० च्या जूनमध्ये दूरदर्शनवरचं ‘महाभारत’ संपलं आणि ऑगस्टमध्ये गणपती आले. पावणेदोन वर्षं दर रविवारी सकाळी या मालिकेने नागपूरच्या महाल भागातल्या गल्ल्या ओस पाडल्या होत्या. तर्री-पोह्यांचा गाडीवालासुद्धा त्या तासात गाडी झाकून कोणाच्या तरी ओट्यावरून खिडकीतून टीव्ही बघत असे. तेव्हा आमच्या वाड्याच्या गणपतीत दुसरं काय बसवणार? मी अकरा वर्षांचा. होईन तर अर्जुनच होईन, म्हणून अडून बसलो. दिग्दर्शक होते वाड्यातलेच एक काका, नोकरीने कॅशियर. ते शांतपणे म्हणाले, “अर्जुन तूच.” मी आईला, आजीला, कोपऱ्यावरच्या पानठेलेवाल्याला सांगून परत आलो. मग काकांनी नाटुकल्याचं नाव सांगितलं. विराटपर्व.

म्हणजे बृहन्नडा. उर्वशीच्या शापाने वर्षभर बायकी वेष घेऊन, विराटाच्या घरी उत्तरेला नाच शिकवणारा अर्जुन. मालिकेत फिरोज खान अर्जुन झाले होते. त्यांना ती भूमिका इतकी लाभली की त्यांनी पुढे अर्जुन हेच नाव लावलं. मलाही ती भूमिका लाभली आणि नावही पडलं. पण ते पुढे येईलच.

अकरा वर्षांच्या मुलाला नऊवारी नेसवणं म्हणजे उशीला गादीची खोळ चढवणं. पातळ काकूंचं होतं. मला कंबर नावाचा प्रकार नव्हता, म्हणून आधी पायजम्याची नाडी करकचून बांधली आणि तिच्यात निऱ्या खोचल्या. उरलेलं कापड घड्या घालून पोटावर दडपलं, त्यामुळे बृहन्नडा सातव्या महिन्यात असल्यासारखी दिसू लागली. सेफ्टी पिना चौदा लागल्या. हा आकडा पक्का आहे, कारण परत करताना काकूंनी मोजून घेतल्या तेव्हा तेरा भरल्या. चौदावी मला रात्री कुशीवर वळताना सापडली.

नाटक रंगलं. घरात बढाया मारणारा राजपुत्र उत्तर रणांगणावर कौरवांची सेना बघून पळत सुटतो आणि बृहन्नडा त्याच्या मागे धावते. मूळ महाभारतातही या ठिकाणी कौरवांचे सैनिक हसतात. लांब वेणी आणि तांबडी वस्त्रं फडफडवत धावणारा हा कोण, म्हणून. आमची कौरवसेना चार पोरांची होती, पण समोरची शे-दीडशे माणसं हसली. कारण शमीच्या झाडावरून, म्हणजे बादलीत रोवलेल्या बदामाच्या फांदीवरून, गांडीव काढताना माझा काष्टा सुटला. मी एका हातात धनुष्य आणि दुसऱ्या हातात काष्टा धरून भीष्म-द्रोण-कर्णांचा पराभव केला. स्वतः व्यासांनाही हे सुचलं नव्हतं.

बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. नाव मात्र दहावीपर्यंत बृहन्नडा. सायकलवालाही हवा भरताना विचारायचा, “काय बे बृहन्नडा, मागचं का समोरचं?” उत्तर झालेला पोट्टा स्टेजवरून भ्याडासारखा पळाला होता. त्याला जन्मात कोणी काही म्हटलं नाही. जो लढला, पण पातळात लढला, त्याचं नाव झालं.

बाबा एवढंच म्हणाले, “पुढच्या वर्षी भीम कर. भीम बरा.”

त्यांच्या डोळ्यांसमोर मालिकेतला भीम असणार. प्रवीणकुमार. १९६६ आणि १९७० च्या आशियाई खेळांत थाळीफेकीचं सुवर्णपदक मिळवलेला गडी. याला कोण लुगडं नेसवणार, आणि नेसवलंच तर नऊ वार कुठे पुरणार? पण मी कॉलेजात असताना आम्ही सगळे चिखलदऱ्याला गेलो. हीच कीचकदरा, असं तिथे सांगतात. भीमाने कीचकाला मारून दरीत फेकलं आणि भीमकुंडात हात धुतले. गाइड रंगात आला होता. “भीमसेन सैरंध्रीचं लुगडं नेसून, पदर घेऊन अंधारात बसला ना साहेब. कीचकाले वाटलं, बाईच आहे.” मी बाबांकडे पाहिलं. बाबा दरीकडे बघत राहिले.

म्हणजे आमच्या घरात पुरुषाच्या साडीला विरोध होता, असं नाही. ‘अशी ही बनवाबनवी’ १९८८ च्या सप्टेंबरात आला, ‘महाभारत’ सुरू होण्याच्या जेमतेम आठवडाभर आधी. त्यातले सचिन आणि लक्ष्मीकांत बेर्डे, म्हणजे सुधा आणि पार्वती, आमच्या आईला सख्ख्या वहिन्यांपेक्षा प्रिय. विजय चव्हाणांची ‘मोरूची मावशी’ टीव्हीवर लागली की बाबा रिमोट दडवून ठेवत. पुढे ‘चला हवा येऊ द्या’मध्ये भाऊ कदम किंवा सागर कारंडे साडी नेसून आले की आई मन लावून बघायची आणि निकाल द्यायची, “पदर बरा घेतला, निऱ्या भैताडासारख्या काढल्या.” तिचा आक्षेप नेसणाऱ्यावर कधीच नव्हता, नेसवणाऱ्यावर होता.

यावरून एकदा खुद्द हस्तिनापुरात भांडण झालं. २०२० च्या लॉकडाउनमध्ये दूरदर्शनने ‘महाभारत’ पुन्हा दाखवलं आणि त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात भीष्मांनी, म्हणजे मुकेश खन्ना यांनी, कपिल शर्माच्या कार्यक्रमावर तोफ डागली. पुरुष बायकांचे कपडे घालून काहीबाही करतात, हे त्यांना अश्लील वाटत होतं. त्यावर युधिष्ठिर, म्हणजे गजेंद्र चौहान, यांनी आठवण करून दिली की आपल्या मालिकेत अर्जुनही बायकी वेषात नाचला होता. भीष्मांची ही अडचण तशी जुनीच म्हणायची, शिखंडी समोर आला की ते धनुष्य खाली ठेवतात. धर्मराजाने मात्र आयुष्यात पहिल्यांदा एक डाव जिंकला.

पण भीष्मांना चूक म्हणून मोकळं होता येत नाही. अर्जुनाचं बृहन्नडा होणं आपल्याला खुपत नाही, कारण गांडीव शमीवर टांगलेलं आहे हे आपल्याला माहीत असतं. वर्ष संपेल, पातळ सुटेल, टणत्कार होईल. पुष्पाचंही तेच. त्याच्या साडीला टाळ्या मिळतात, कारण तिच्या आत पुष्पा आहे. ज्याच्या शमीवर काहीच टांगलेलं नाही, त्याचं काय?

तसा एक माणूस मी लहानपणी पाहिला आहे. आबाजींचं, म्हणजे आजोबांचं, गाव भंडारा जिल्ह्यात. दिवाळीनंतर तिकडे गावोगाव मंडई, म्हणजे जत्राच, भरते आणि रात्री खडी गंमत होते. शाहीर, ढोलकी, तुणतुणं आणि लुगडं नेसून नाचणारा नाच्या. सगळे पुरुष, रात्रभर उभ्याने खेळ. त्या वर्षीचा नाच्या फार देखणा होता. कंदिलासारखा उजेड होता त्याच्या चेहऱ्यावर. माणसं त्याच्यासमोर नोट धरायची आणि तो घ्यायला आला की हात मागे घ्यायची. आबाजींनीही दोन रुपये दिले. हात एकदाच मागे घेऊन दिले, एवढाच त्यांचा सभ्यपणा.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एसटीची वाट बघत उभे होतो. समोरून तो आला. खांद्यावर दुपट्टा, हातात विळा, धानाच्या बांधीकडे निघालेला. डोळ्यांत काजळ तसंच राहिलेलं. आबाजींना बघून तो हसला. आबाजींनी मान वळवून एसटी येते का ते बघितलं. मी मोठ्याने विचारलं, “आबाजी, हा रात्रीचाच ना?” आबाजींनी माझा कान असा पिळला की एसटी येईपर्यंत सोडला नाही.

पुढे रवी जाधवांनी पाठोपाठ दोन सिनेमे केले. जानेवारी २०१० मध्ये ‘नटरंग’, २०११ मध्ये ‘बालगंधर्व’. दोन्ही टीव्हीवर लागले की आम्ही बघतो. बालगंधर्वांच्या शालूंवर आई जीव टाकते. त्या काळच्या घरंदाज बायका त्यांच्यासारखं नेसायला आणि अंबाडा घालायला बघत, हे तिने तिच्या आजीकडून ऐकलं आहे. ‘नटरंग’मधला गुणा पैलवान नाच्या होतो आणि गाव त्याची जी दशा करतं, ती बघून आई रडते. बाबाही एकदा चष्मा पुसताना सापडले. एकच दिग्दर्शक, दोन पुरुष, दोन लुगडी. एकाला लोकमान्यांनी गंधर्व म्हटलं, दुसऱ्याला कोणी माणूसही म्हणेना. मला दर वेळी ते काजळ आठवतं.

तर गॅदरिंग. साडी मीच नेसवली. नाडी, निऱ्या, चौदा पिना. हात काही विसरत नाही. पोराने स्टेजवर आठ जणांना लोळवलं आणि शिट्ट्यांनी मांडव डोक्यावर घेतला. आई म्हणाली, “निऱ्या मस्त बसल्या.” नेसवणाऱ्याचा तिने केलेला हा पहिलाच गौरव. पोराला टोपणनाव काही पडलं नाही. उलट वर्गातल्या मुलींनी रांग लावून फोटो काढले, आणि १९९० मधल्या मला त्याचा फार हेवा वाटला.

त्याच कार्यक्रमात पोरींची लावणी होती. पोराच्याच वर्गातल्या एका मुलाला तीत नाचायचं होतं. मारामारी नाही, नुसतं नाचायचं. पोरगं सांगत होतं, तो सगळ्यांत चांगला नाचते. त्याला नेहरूशर्ट घालून मागे ढोलकी घेऊन उभा केला होता. ढोलकी पुठ्ठ्याची होती.

येत्या दिवाळीनंतर भंडारा-गोंदियाकडे मंडई भरेल. पाव्हणे म्हणून गेलात तर गंमत जरूर बघा. नोट हात मागे न घेता द्या. आणि सकाळी एसटीच्या थांब्यावर तो भेटला तर आधी तुम्हीच राम राम करा.