पंचतारांकित घाम

मोठ्या हॉटेलातली जिम शोधायची असेल तर लिफ्टमध्ये शिरून एकतर सगळ्यात वरचे बटण दाबावे, नाहीतर सगळ्यात खालचे. मधल्या मजल्यांवर खोल्या असतात आणि खोल्यांचे भाडे येते. व्यायामाचे येत नाही. म्हणून जिमच्या वाट्याला गच्चीवरच्या तलावाशेजारचा कोपरा येतो किंवा तळघर. दार खोलीच्याच कार्डाने उघडते, आणि पुष्कळ ठिकाणी दिवसरात्र उघडते. आत भिंतभर आरसे, गुंडाळ्या करून रचलेले पांढरे टॉवेल, काकडीच्या चकत्या तरंगणारे पाणी आणि वाडगाभर हिरवी सफरचंदे. ही सफरचंदे खाताना आजवर कोणी दिसलेले नाही, पण वाडगा नसेल तर जिमला दर्जा राहत नाही.

प्रवासात यंत्रावर व्यायाम करण्याची हौस जुनी आहे. स्टॉकहोमच्या गुस्ताव झांडर या डॉक्टरने 1865 मध्ये संस्था काढून अंग हलवणारी यंत्रे लोकांपुढे मांडली. पुढे त्या वळणाची यंत्रे आगबोटींवर चढली. 1912 च्या टायटॅनिकवर पहिल्या वर्गाच्या उतारूंसाठी जिम होती. तिच्यात वल्ही मारण्याचे यंत्र, जागच्या जागी पळणाऱ्या सायकली आणि विजेवर हलणारे घोडे व उंट होते. बायका, मुले आणि पुरुष यांच्या वेळा वेगळ्या होत्या. बोटीवरच्या तुर्की स्नानाला चार शिलिंग पडत. हिमनगाला धडकल्यानंतर काही उतारू याच जिममध्ये येऊन थांबले, आणि कोट्यधीश जॉन जेकब ॲस्टर पत्नीसह यांत्रिक घोड्यांवर बसून होता, असे त्या रात्रीच्या हकिकती सांगतात. हॉटेलची जिम मुख्यतः बसायची जागा आहे, ही परंपरा तेव्हापासूनची. मुंबईही मागे नव्हती: 1903 मध्ये उघडलेल्या ताजमहाल हॉटेलात जर्मन लिफ्ट आणि अमेरिकी पंख्यांच्या जोडीला तुर्की स्नानगृहे होती.

आज जिममध्ये येणाऱ्यांचे स्थूलमानाने तीन वर्ग पडतात. पहिला खऱ्या व्यायामपटूंचा. ते कानात बोंडे घालून येतात, कोणाकडे बघत नाहीत, वापरलेले यंत्र पुसून ठेवतात आणि निघून जातात. त्यांच्याविषयी लिहिण्याजोगे काही नाही.

दुसरा वर्ग झोप उडालेल्यांचा. उन्हाळ्यात मुंबईहून न्यूयॉर्कला गेलेल्या माणसाचे घड्याळ साडेनऊ तास मागे जाते. तो संध्याकाळी सातला डुलक्या घेऊ लागतो आणि रात्री अडीचला टक्क जागा होतो. नाश्ता साडेसहाला. घरी दुपारचे बारा वाजलेले असतात, म्हणून फोन करावा तर ‘जेवलास का?’ हा प्रश्न येतो आणि भूक आणखी खवळते. उघडी अशी एकच जागा उरते. पहाटे तीनला ट्रेडमिलवर संथपणे चालणारा माणूस आरोग्याच्या मागे लागलेला असतोच असे नाही. पुष्कळदा तो नाश्त्याच्या दिशेने निघालेला असतो.

तिसरा आणि आपल्याकडे सर्वांत भरलेला वर्ग ‘भाड्यात धरलेच आहे ना’ म्हणणाऱ्यांचा. घराशेजारच्या जिमचे वर्षाचे पैसे भरून तिकडे न फिरकलेली माणसेही इथे सकाळी सहाला हजर होतात. ही मंडळी प्रत्येक यंत्र एकदा चालवून बघतात, तेही जोडीने. एक यंत्रावर, दुसरा मोबाइल धरून समोर. बुटांची अडचण मात्र याच वर्गाला येते, कारण बॅगेतली बुटांची जागा चिवडा आणि लाडवांनी घेतलेली असते. वेस्टिन या हॉटेलसाखळीने ही अडचण ओळखून न्यू बॅलन्सचे बूट आणि व्यायामाचे कपडे पाच डॉलरला भाड्याने देण्याची सोय केली होती. पाहुण्याने घातलेले कपडे दुसऱ्याने घालायचे, ही गोष्ट मराठी घरात फक्त मावसभावंडांत चालते.

हिशेबाचेही बघायला हवे. सत्तर किलोचा माणूस ताशी पाच किलोमीटरने अर्धा तास चालला तर साधारण सव्वाशे कॅलरी खर्च होतात. खालच्या नाश्त्यातले लोण्याचे एक क्रोसाँ त्याच्या जवळपास दुप्पट भरते. क्रोसाँ एक घेऊन कोणी थांबत नाही. शेजारी डोसेवालाही उभा असतो.

जिम फुकट, स्पा नाही. स्पाचे दरपत्रक मऊ कागदावर छापलेले असते आणि आकड्यांपुढे कराची बारीक सूचना असते. आधी एक अर्ज भरून घेतात: रक्तदाब, ॲलर्जी, आणि मालिशला जोर किती हवा. ‘मध्यम’ हे उत्तर बहुतेकजण मिसळ मागवण्याच्या सवयीने देतात आणि नंतर तासभर सोसतात. मग एका पाकिटातून कागदी कापडाची लंगोटी हाती येते. तिची पुढची बाजू कोणती हे पाकिटावर लिहिलेले नसते. पलंगाला तोंडासाठी भोक असते. पालथे पडल्यावर त्यातून खाली ठेवलेला पाण्याचा वाडगा, त्यात तरंगणारी फुले आणि मालिश करणाऱ्या बाईंच्या सपाता एवढेच जग दिसते. वरून बासरी. दर पाच मिनिटांनी ‘प्रेशर ठीक आहे ना?’ अशी विचारणा होते, आणि कळवळलेला मराठी माणूसही ‘हो, हो, छान’ म्हणतो. पैसे देऊन तक्रार करायची तर ती बिलाच्या वेळी, मालिशच्या नव्हे. शेवटी इवल्या पेल्यात आल्याचा चहा आणि दोन बदाम मिळतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे हेच तेल आई खसखसून चोळते, वर फराळ घालते, आणि जोर किती हवा ते विचारत नाही.

सौना हा फिनलंडचा जीव की प्राण. 2020 मध्ये युनेस्कोने तिथल्या सौना-संस्कृतीला वारशाच्या यादीत घेतले. लाकडी खोलीत हवा सत्तर ते शंभर अंश तापवतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या पाहुण्याला यासाठी पैसे का मोजायचे हे पटवून देणे अवघड जाते. बाहेर आल्यावर वजनकाटा अर्धा किलो कमी दाखवतो. ते निव्वळ पाणी असते आणि दोन पेले पोटात गेले की परत येते. जर्मनीत बहुतेक सौनांमध्ये अंगावर कपडा चालत नाही, टॉवेल फक्त बसायला. तिथे हाफ पँट घालून शिरलेल्या माणसाकडे सगळे बघतात. न घातलेल्याकडे कोणीही नाही.

राहता राहिले ओले कपडे. बाथटबवर भिंतीत बसवलेली, ओढली की लांब होणारी दोरी असते. तिच्यावर पोहण्याची एक चड्डी कशीबशी मावते आणि एसीच्या गारव्यात ती सकाळपर्यंत ओलीच राहते. लाँड्रीच्या यादीत टीशर्ट धुण्याचा दर वाचून यादी पुन्हा खणात जाते. यादीसोबतची प्लॅस्टिकची पिशवी मात्र ओल्या कपड्यांसाठी उत्तम, आणि ती बॅगेत गेली तरी हॉटेलवाले हटकत नाहीत.