आप्पा खटकेवाले

सुरतेत मराठी माणूस कुठे सापडतो, असं कुणी विचारलं तर उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा अशी चार नावं सांगून मोकळं व्हावं. जळगाव-धुळे-नंदुरबारकडची निम्मी सोयरीक इथेच भेटते. या वस्त्यांत एक नमुना हमखास आढळतो: उभी हयात पॉवरलूमवर काढलेला, कानानं निम्मा गेलेला आणि आवाजानं दुप्पट झालेला म्हातारा. लूमच्या कारखान्याला इथे खातं म्हणतात. खात्यात सगळे धोटे एकदम धावायला लागले की शेजारच्याला 'चहा आला' एवढं सांगायलाही त्याच्या कानात तोंड घालावं लागतं. असा माणूस घरी आला तरी त्याच पट्टीत बोलतो. 'मीठ दे' म्हणाला तरी सून दचकते.

आप्पा याच जातकुळीचे. मूळ गाव अमळनेरकडचं, हुद्दा मास्तर. म्हणजे खात्यातले मास्तर, शाळेतले नव्हे. मागाचा बिघाड नुसत्या आवाजावरून ओळखणारे. मालकानं जुने माग भंगारात काढून वॉटरजेट बसवले तेव्हा आप्पा घरी बसले. त्याच खात्यात एका मागाखाली कुत्री व्यायली होती. तिची पिल्लं इकडेतिकडे गेली, एक उरलं. दोघंही एकाच आठवड्यात बेकार झाल्यामुळे ते आप्पांच्या मागोमाग डिंडोलीच्या फ्लॅटमध्ये आलं. नाव ठेवलं बॉबिन. रंग तांबूस, शेपूट वर वळलेली. पुढे नसबंदीनंतर एका कानाला खाच आली. काकूंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं की हे ध्यान दारातच राहील. तिसऱ्या दिवशी ते सोफ्याखाली होतं.

पंचाईत वेगळीच झाली. बॉबिनला शांतता सोसेना. रात्री पंख्याशिवाय काही वाजेनासं झालं की ते उठून घरभर फिरायचं आणि कुंईकुंई करायचं. सोसायटीतले लोक म्हणाले, याला भूत दिसतं. आप्पांच्या नातवानं मोबाइलवर शोधून सांगितलं की तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या-चौदाव्यापर्यंत पिल्लू जे पाहतं, ऐकतं, हुंगतं, ते त्याला पुढे जन्मभर आपलं वाटतं. स्कॉट आणि फुलर या दोघा अमेरिकनांनी 1965 सालच्या पुस्तकात हे मांडलंय. आप्पा लगेच उठले, ओळखीच्या एका खात्यात गेले आणि चालत्या मागांचा आवाज मोबाइलवर भरून आणला. रात्री उशाशी तो बारीक आवाजात लावला. बॉबिन झोपलं. आप्पाही झोपले, कारण रिटायर झाल्यापासून त्यांनाही झोप लागत नव्हती. जाग्या राहिल्या त्या काकू.

तिथून आप्पांना कुत्र्याच्या मनाचा नाद लागला. आधी त्यांचं शास्त्र साधं होतं: गुजराती पेपरची गुंडाळी आणि एक शिवी. आता नातू वाचायचा, आप्पा ऐकायचे आणि प्रत्येक गोष्ट खात्याच्या हिशेबानं पटवून घ्यायचे. "कारागीर मीटरप्रमाणे मजुरीवर असतो ना? त्याचा पगार अडकव, तो माग बंद करून विडी प्यायला जाईल. मग त्याला मारून काय होणार? कुत्र्याचंही तसंच. बसला रे बसला की मजुरी हातावर. तू उद्या देशील तर त्याला कळणार कसं, कोणत्या मीटरची?" आजवर कुत्र्याच्या शिक्षणावर मी जे काही वाचलंय, त्यात एवढं स्वच्छ कुणी लिहिलेलं नाही.

मजुरी सेकंदाच्या आत पोचली पाहिजे, आणि हात खिशातून निघेपर्यंत तर कुत्रं उठून खाजवायला लागतं. यावरचा तोडगा म्हणजे एक ठरावीक आवाज. बरोबर त्या क्षणी आवाज करायचा, खाऊ मागाहून द्यायचा. पाश्चात्त्य लोक यासाठी क्लिकर नावाची डबी वापरतात. आप्पांनी मागाच्या सुट्या भागांतली एक लवचिक पोलादी पट्टी काढली आणि लाकडी ठोकळ्यावर ठोकली. दाबली की 'खट!' या कामी मास्तरकी उपयोगी पडली. धागा तुटला की त्याच क्षणी माग थांबवायचा, हे जन्मभर केलेल्या हाताला वेळ साधायला शिकवावं लागत नाही. बॉबिनचं बूड फरशीला टेकायला आणि खट वाजायला एकच गाठ पडायची. पाठोपाठ उकडलेल्या अंड्याचा हरभऱ्याएवढा तुकडा. भरताचं वांगं मात्र त्याला कधी मिळालं नाही. कांदा-लसूण कुत्र्याला विष, हे कळल्यापासून आप्पा स्वतः भरीत खाताना बॉबिनकडे पाठ करून बसतात.

परदेशी विद्वानांचा उल्लेख आप्पा गावाकडच्या पाहुण्यांसारखा करतात. पावलोव्हसाहेब म्हणजे मोठे काका. प्रायरबाई त्यांच्या विशेष लाडक्या, कारण त्या हवाई बेटांवर डॉल्फिन शिकवायच्या आणि डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा बांधता येत नाही. "पोहून निघून जाईल ना! म्हणून बाईनं शिट्टी वाजवली, मासळी दिली. पट्टा असता तर बाईला अक्कल सुचली नसती." यावर कुणी पट्ट्याची बाजू घेतली तर आप्पा भिंतीवरच्या दत्ताच्या कॅलेंडरकडे बोट करतात. "चार कुत्री आहेत. दाखव कुणाच्या गळ्यात साखळी."

सगळ्यात घोळ होतो तो लांडगेवाल्या साहेबांचा. नावाचा उच्चार 'मीच'. 'कुत्र्याला तुम्ही बॉस वाटला पाहिजेत' हे खूळ आलं लांडग्यांवरून. रूडॉल्फ शेंकेल यांनी बाझलच्या प्राणिसंग्रहालयात कोंडलेले लांडगे पाहिले आणि 1947 मध्ये त्यांच्या मारामाऱ्यांवर लिहिलं. डेव्हिड मीच यांच्या 1970 च्या पुस्तकानं ती कल्पना घरोघर नेली, आणि पुढे रानातले लांडगे पाहून 1999 मध्ये त्याच मीच साहेबांनी लिहिलं की कळप म्हणजे दुसरंतिसरं काही नसून आईबाप आणि त्यांची पोरं. आप्पा हे सोसायटीच्या बाकावर सांगतात आणि शेवटी ठणकावतात, "हे मीच म्हणतो!" ऐकणाऱ्यांना वाटतं, म्हाताऱ्याला भलताच अहंकार.

या कीर्तीमुळे एकदा थेट वेसूच्या श्रीमंत वस्तीतून बोलावणं आलं. थोरला मुलगा रिंगरोडच्या मार्केटमध्ये साड्यांच्या दुकानात आहे, त्याच्या शेठचं कुत्रं. सुरतेच्या उन्हात, चौदाव्या मजल्यावर, सायबेरियन हस्की! बर्फावरची गाडी ओढायला जन्मलेला जीव एसीच्या खाली पडून छताकडे बघत होता. मी बरोबर होतो म्हणून पाहायला मिळालं. आम्ही आत शिरताच त्यानं शेठच्या छातीवर दोन्ही पाय ठेवले. शेठनं त्याला दोन्ही हातांनी ढकललं, ओरडले, पुन्हा ढकललं. तोंड आमच्याकडे करून म्हणाले, "डॉमिनेट करे छे, आप्पा. ट्रेनरे कह्युं छे, पहेलां एने बतावो के बॉस कोण छे." कोपऱ्यात काट्यांचा पट्टा लटकत होता.

आप्पा काहीच बोलले नाहीत. सरळ फरशीवर बसले, तेही शेठकडे आणि कुत्र्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड. शेठाणीला वाटलं पाहुणे रुसले. त्या चहाबरोबर घारीही घेऊन आल्या. हस्की लांबून पाहत होता. त्यानं जांभई दिली. शेठ म्हणाले, कंटाळलाय. आप्पा भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "कंटाळा नाही. घाबरलाय थोडा. आता नाक चाटेल." त्यानं नाक चाटलं. "आता दुसरीकडे बघेल." त्यानं मान वळवली, उगाच फरशी हुंगली. नॉर्वेच्या टुरिड रुगास या बाईंनी कुत्र्यांच्या अशा खुणांची अख्खी यादी केली आहे: माझ्या मनात काही वाईट नाही, तूही जरा दमानं घे, असा त्यांचा अर्थ. शेठना मात्र आपल्याच घरात कुणीतरी परकी भाषा बोलतंय आणि कामगाराच्या बापाला ती येते, याचा थोडा राग आलेला दिसला.

मग हस्की हळूहळू पुढे आला, थेट आप्पांच्या डाव्या खिशात नाक घातलं. शेठचं घर कडक शाकाहारी. आप्पांनी उजव्या खिशात पनीर आणलं होतं, पण डाव्यात बॉबिनच्या सकाळच्या अंड्याचा वास मुरलेला. शेठाणीनं विचारलं, "शेनी वास आवे छे?" आप्पा शांतपणे म्हणाले, "पनीर जूनुं छे." आणि चारही पाय जमिनीवर असलेला क्षण गाठून खट वाजवली.

निदान असं झालं: त्याला बॉस व्हायचं नाही, त्याला काम पाहिजे. दिवसभर कुणी बघत नाही. उडी मारली की निदान दोन हात अंगाला लागतात आणि आरडाओरडा का होईना, कानावर पडतो. म्हणजे उडीची मजुरी शेठच देत होते. उडी मारली की पाठ फिरवा, पाय खाली टेकले की लाड करा. पहाटे उन्हाच्या आधी लांब फिरवा. आणि मार्केटमधून फेंटच्या, म्हणजे ठाणातून उरलेल्या स्वस्त तुकड्यांच्या, चिंध्या आणून त्यांच्या गुंडाळ्यांत पनीर दडवा, हुंगून हुंगून शोधू दे. नाकाला काम मिळालं की कुत्रं पायांपेक्षा लवकर दमतं. शेठनी शेवटची शंका काढली: पण चप्पल फाडल्यावर हा गुन्हेगारासारखं तोंड करतो, म्हणजे त्याला कळतं ना? आप्पांनी न्यूयॉर्कच्या हॉरोविट्झबाईंचा दाखला दिला. बाईंनी 2009 मध्ये दाखवून दिलं की कुत्र्याचं ते तोंड गुन्ह्यावर नव्हे, मालकाच्या रागावण्यावर ठरतं; काहीही न केलेलं कुत्रं रागावलं गेलं तर तेच जास्त पडेल चेहरा करतं. शेठनी शेजारी उभ्या नोकराकडे पाहिलं. नोकरानं खाली पाहिलं.

सोसायटीत मात्र आप्पांचं एवढं चालत नाही. तिथे एक तक्रारखोर गट आहे. बाहेरच्या कुत्र्यांना काठीनं हाकलण्यावर त्यांचं एकमत, बाकी कशावरच नाही. आप्पांनी भटक्या कुत्र्यांबद्दलचे 2023 चे सरकारी नियम छापून आणले: नसबंदी आणि लसीकरण करून कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायचं, आणि खाऊ घालायची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून लांब सोसायटीनंच ठरवायची. कोलकात्याच्या आयसरमधल्या अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचं कामही सांगितलं. रस्त्यावरच्या कुत्र्यांशी पुन्हा पुन्हा भेट झाली तर ओळख वाढवायला खाण्यापेक्षा अंगावरून फिरलेला हात जास्त कामी येतो, असं त्यांना आढळलं. गटातल्या एकानं तरीही काठी उगारली, तेव्हा आप्पा जुन्या पट्टीत कडाडले, "कसाले मारस त्याले?" पाच कुत्री पळाली, दोन खिडक्या उघडल्या, आणि काठीवाला सांगत सुटला की बघा, हे म्हणे प्रेमानं शिकवतात.

खरी कुरकूर घरात आहे, आणि मला ती रास्त वाटते. आमच्याकडे कौतुकाची एकूणच टंचाई. तोंडावर चांगलं म्हटलं की पोर डोक्यावर बसतं, नाहीतर दृष्ट लागते. म्हणून ते शोकसभेपर्यंत राखून ठेवायची पद्धत. थोरल्यानं कर्ज काढून हा फ्लॅट घेतला तेव्हा आप्पा सगळ्या खोल्यांतून हिंडले, नळ सोडून पाहिले आणि म्हणाले, "बाथरूमचा उतार उलटा आहे." उतार खरंच उलटा होता, हा भाग वेगळा. आणि आता तोच माणूस सकाळ-संध्याकाळ मऊ आवाजात, होय, मऊ आवाजात, "व्वा रे मना वाघ! बसला मना राजा!" करत असतो. एकदा थोरला सोफ्यावरून म्हणाला, "आप्पा, मी पण बसलोय कधीचा." आप्पांना ऐकू आलं नाही, किंवा तसं त्यांनी दाखवलं.

काकूंनी यावर तोंडानं काही म्हटलं नाही. त्या नियम शिकत होत्या. खट वाजली म्हणजे वचन. वाजवून खाऊ दिला नाही तर खटक्याची पत जाते, पुढे कुत्रं ऐकत नाही, हे आप्पा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात आणि काकू भाकरी थापता थापता ऐकतात. थंडीच्या दिवसांत एका रात्री काकूंनी काट्यांवर भाजलेल्या वांग्यांचं भरीत आणि कळण्याची भाकरी केली. मी पंगतीला होतो. आप्पांनी पहिला घास घेतला, डोळे मिटले, आणि सवयीनं मांडीजवळच्या ठोकळ्यावर अंगठा पडला. खट!

बॉबिन कान टवकारून आत आलं. काकूंनी त्याला हातानं थांबवलं, पदर खोचला आणि आप्पांसमोर तळहात पसरला.

"मना खाऊ कोठे शे?"

आप्पांनी हसण्यावारी न्यायचा प्रयत्न केला. काकू हलल्या नाहीत. वाजवलं की द्यावंच लागतं, सेकंदाच्या आत, असं कुणीतरी रोज सांगतं. सूनबाईंनी साक्ष काढली, नातवानं नियम वाचून दाखवला. हयातभर साड्यांचं कापड विणणाऱ्या माणसाच्या घरात काकूंच्या अंगावर सदैव फेंटच्या भावातली साडी. शेवटी आप्पा म्हणाले, उद्या थोरल्याच्या दुकानातून आणतो. काकू म्हणाल्या, मार्केटची नको. येवल्याची.

पैठणी आली. किंमत आप्पा सांगत नाहीत, पण त्यानंतर महिनाभर बॉबिनला अंड्याऐवजी भाकरीवर काम करावं लागलं आणि त्यानं बसण्याचा वेग चांगलाच कमी केला. खटका आता काकूंच्या मिसळणाच्या डब्याशेजारी असतो, शिकवणीच्या वेळी मागून घ्यावा लागतो. आणि भरिताच्या दिवशी आप्पा दोन्ही हात ताटावर, सगळ्यांना दिसतील असे ठेवून जेवतात.