बेटकर

टोरांटोच्या आसपास राहणाऱ्या मराठी कुटुंबवत्सल गृहस्थांमध्ये एक विशिष्ट प्रकार आढळतो. हा गृहस्थ डाउनटाउनला, म्हणजे उंच इमारती, कचेऱ्या आणि हॉटेले यांनी गजबजलेल्या शहराच्या गाभ्याला, वर्षभर नावे ठेवतो आणि उन्हाळ्यातल्या एका शनिवारी रात्री मात्र पदरचे पैसे मोजून तेथेच खोली घेतो. त्याचे घर मिसिसागा, ब्रॅम्प्टन किंवा मिल्टन यांपैकी एखाद्या उपनगरात असते, आणि तेथून आगगाडीने युनियन स्थानकावर उतरून संध्याकाळी घरी परतणे सहज शक्य आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, कारण नोकरीपायी तो एरवी तेच करीत असतो. तरीही रात्री शहरात मुक्काम करायचा आणि सकाळी फेरीने, म्हणजे शहराच्या धक्क्यावरून सुटणाऱ्या प्रवासी बोटीने, समोरच्या तळ्यातल्या बेटांवर जायचे, असा बेत तो बर्फ पुरते वितळण्यापूर्वीच आखून ठेवतो. गावावरून आडनाव पडण्याच्या मराठी रीतीस अनुसरून या प्रकारास ‘बेटकर’ म्हणणे सोयीचे ठरेल.

बेटकराच्या या उपक्रमाचे निमित्त बहुधा पुण्याहून किंवा डोंबिवलीहून सहा महिन्यांसाठी आलेले त्याचे आईवडील असतात. उपनगरात पायी जाण्याजोगे काही नसल्यामुळे त्यांनी पहिले दोन महिने खिडकीतून शेजाऱ्याचे गवत कापणे पाहण्यात घालवलेले असतात. त्यांना शहर दाखवले पाहिजे ही जाणीव आणि डाउनटाउनमध्ये गाडी उभी करण्याचे दर या दोहोंच्या संघर्षातून मुक्कामाची कल्पना जन्माला येते. गाडी उपनगरातल्या स्थानकावर फुकट ठेवता येते, त्यामुळे वाचलेले पार्किंग खोलीच्या भाड्यातून वजा करायचे, हॉटेलात नाश्ता समाविष्ट असल्यास तो घरातल्या सगळ्यांच्या हिशेबाने पुन्हा वजा करायचा, आणि उरलेली रक्कम ‘जवळजवळ काहीच नाही’ अशी पत्नीला सांगायची, अशी त्याची गणितपद्धती आहे. या गणितात ऑन्टारियो प्रांताचा तेरा टक्के विक्रीकर दर वर्षी राहून जातो आणि दर वर्षी बेटकर त्यामुळे नव्याने व्यथित होतो. एवढे करूनही तळ्याकडे तोंड असलेली खोली तो जादा पैसे देऊन घेतो. बेटांवरून आपली खिडकी दिसली पाहिजे, हा त्यामागचा हेतू तो उघडपणे सांगत नाही.

सकाळी हॉटेलातून निघताना त्याच्या पत्नीच्या हातात पुऱ्या आणि बटाट्याची सुकी भाजी असते, त्याच्या पाठीवर थर्मास असतो, आणि आईने सवयीप्रमाणे बाबांचा पंचा धुऊन तळ्याकडच्या खिडकीच्या आत वाळत घातलेला असतो. हॉटेलात असे करू नये असे बेटकर सांगतो. ‘मग ओला पंचा काय पेटीत भरू?’ असे आई विचारते, आणि या प्रश्नाला उत्तर नसल्यामुळे सगळे निघतात.

बे स्ट्रीटच्या टोकाशी असलेल्या बोटींच्या धक्क्याला टोरांटोचे नगरसेवक आणि पुढे राष्ट्रीय पक्षनेते झालेले जॅक लेटन यांचे नाव २०१३ मध्ये देण्यात आले. तेथे रांगेत उभे राहिल्यावर बेटकराचे व्याख्यान सुरू होते. ही बेटे मुळात बेटे नव्हतीच, तर पूर्वेकडून वाहत आलेल्या वाळूने बनलेला, किनाऱ्याला जोडलेला एक चिंचोळा भूभाग होता, आणि १८५८ च्या वादळाने त्याची मान कापून तो शहरापासून कायमचा तोडला, ही माहिती तो अशा तपशिलाने देतो की वादळाच्या वेळी तो जातीने हजर असावा. यावर बाबा म्हणतात, ‘आमच्याकडे उलट. मुंबईची सात बेटं होती, ती भराव टाकून जोडली.’ बाबांना भाऊच्या धक्क्याची सवय असते. तेथून रेवसला लाँचने गेल्याच्या आठवणीपुढे जेमतेम पाव तासाचा हा प्रवास त्यांना प्रवास वाटत नाही, आणि ज्या तळ्यात भरती-ओहोटी जाणवत नाही त्याला समुद्रासारखा मान देण्याची त्यांची तयारी नसते.

या धक्क्यावरून तीन ठिकाणी बोटी जातात: वॉर्ड्स बेट, मधले सेंटर बेट आणि पश्चिमेचे हॅन्लन्स पॉइंट. मुलांची झोपाळ्या-पाळण्यांची बाग मधल्या बेटावर असल्यामुळे तिकडची रांग सर्वांत लांब असते, आणि बेटकराचा मूळ स्वभाव येथेच उघडा पडतो. सर्वांत लहान रांग हीच शहाण्या माणसाची रांग, या बँकेपासून विवाहभोजनापर्यंत जपलेल्या सिद्धान्तानुसार तो कुटुंबाला हॅन्लन्स पॉइंटच्या बोटीत चढवतो. तेथील किनाऱ्याचा एक भाग नगरपालिकेने वस्त्रे ऐच्छिक ठरवलेला आहे, म्हणजे तेथे कपडे घालणे वा न घालणे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोपवलेले आहे, ही गोष्ट पाटी वाचेपर्यंत त्याच्या व्याख्यानात आलेली नसते. पाटी इंग्रजीत असते, परंतु पाटीपलीकडचे दृश्य कोणत्याही भाषेत नसते. अशा वेळी बेटकर कुटुंबाला घाईघाईने शेजारच्या विमानतळाकडे तोंड करून उभे करतो आणि बेब रूथ या विख्यात बेसबॉलपटूने आपल्या व्यावसायिक कारकिर्दीतला पहिला होमरन, म्हणजे क्रिकेटच्या भाषेत षटकार, १९१४ मध्ये याच परिसरात मारला, हे नेहमीपेक्षा चढ्या आवाजात सांगू लागतो. बाबा चेंडू नेमका कोणत्या दिशेने गेला अशी चौकशी करून किनाऱ्याकडे वळून पाहतात. आईचे निरीक्षण सहृदय असते: ‘उकाड्याने अगदी हैराण झालेत बिचारे.’

तेथून मधल्या बेटापर्यंत पायी जावे लागते, कारण बेटांवर खाजगी मोटारींना मज्जाव आहे. वाटेत १८०८ साली बांधलेले दीपगृह लागते. ते उभारले तेव्हा पाण्याच्या अगदी काठावर होते. पुढे वाळू साचून किनारा दूर सरकला आणि दीपगृह जागच्या जागी आत गेले. त्याचा पहिला राखणदार १८१५ मध्ये नाहीसा झाला व त्याचे भूत तेथे फिरते, अशी दंतकथा आहे. बेटकर ती मुलांना सांगतो, आणि मुले भुताला वायफाय मिळते का असे विचारतात.

पुऱ्यांचा डबा उघडताच कॅनडा गूज, म्हणजे काळ्या मानेचे धिप्पाड रानहंस, लग्नघरातल्या आगंतुकांप्रमाणे गोळा होतात. जेवणानंतर चार चाकांची भाड्याची सायकल घेतली जाते. तिला पेडल अनेकांसाठी असतात, परंतु आईच्या गुडघ्यांमुळे, बाबांच्या तत्त्वांमुळे आणि मुलांच्या आळसामुळे तिची प्रत्यक्ष प्रेरकशक्ती बेटकर हीच राहते. अशा रीतीने तो कुटुंबाला पूर्वेकडच्या वस्तीत नेतो. तेथे वॉर्ड्स आणि अल्गॉन्क्विन या बेटांवर सुमारे २६० लहान घरे आहेत. ती पाडून सर्वत्र उद्यान करण्याचा घाट महापालिकेने अनेक वर्षे घातला होता. रहिवाशांनी दीर्घ लढा दिला, आणि १९९३ च्या कायद्याने त्यांना ९९ वर्षांचे भाडेपट्टे मिळाले. मात्र घर बाजारभावाने विकता येत नाही, आणि घेण्यासाठी पाचशे नावांच्या प्रतीक्षायादीत शिरकाव व्हावा लागतो. ‘म्हणजे म्हाडाच!’ असे बाबा उद्गारतात, आणि त्या दिवसात प्रथमच त्यांना हा देश समजल्यासारखा वाटतो. बेटकर मात्र गप्प होतो, कारण यादीत पाचशेवा शिरल्यास आपला क्रमांक कोणत्या वयात लागेल याचा हिशेब त्याच्या मनात चालू झालेला असतो आणि त्या वयात सायकल कोण चालवील हा प्रश्न उरतो.

परतीच्या बोटीसाठी तो तिकिटे शर्टाच्या खिशात, त्यावर रुमाल आणि रुमालावर हात अशा बंदोबस्ताने जपत आलेला असतो. भाड्यात जाणे-येणे दोन्ही धरलेले असल्यामुळे परतताना तिकीट कोणी विचारीतच नाही, आणि हे कळल्यावर त्याला सुटकेपेक्षा अपमान अधिक वाटतो. बोट निघते, तशी ५५३ मीटर उंचीच्या सीएन टॉवरसह शहराची सारी रांग पाण्यावर उभी राहते. सर्व प्रवासी कठड्याला टेकून तिची छायाचित्रे घेतात. बेटकर मनोऱ्याकडे पाहत नाही. आपले हॉटेल शोधून तो मजले मोजू लागतो. पत्नी चौदावा म्हणते, तो पंधरावा म्हणतो, आणि इमारतीला तेरावा मजलाच नसल्याचे मुलगी सांगते, तेव्हा मोजणी तळापासून पुन्हा सुरू होते. अखेर कोणी तरी फोनवर छायाचित्र काढून ते बोटांनी मोठे मोठे करीत नेते, आणि शेकडो एकसारख्या, निळसर, झगमगत्या काचांमध्ये एका काचेवर एक पांढरा चौकोनी ठिपका सर्वांना एकाच वेळी दिसतो.

‘वाळला असेल आता,’ आई म्हणते.