मागचा पंख कसा बसवावा : देवळ्यातल्या नवशिक्यांसाठी

आधी गाडी मिळवावी. जुनी हॅचबॅक चालेल. वडिलांच्या नावावर असेल, तर डिक्कीला भोकं पाडल्यावरच त्यांना सांगावं.

पंख उलटा बसवायचा. विमानाचा पंख विमान उचलतो, हा गाडीला रस्त्यावर दाबतो. खरं काम त्याच्या खालच्या अंगाला चालतं : तिथून हवा जोरात जाते आणि दाब घटतो. तिथे आधाराच्या पट्ट्यांची अडगळ नको, म्हणून 2009 च्या ऑडी आर15 या शर्यतीच्या गाडीचा पंख वरून टांगला होता. पंखाच्या मागच्या कडेला अँगलची बारीक पट्टी उभी करावी. रेसर डॅन गर्नीने 1971 मध्ये हेच केलं. आपल्याकडे वेल्डिंगवाल्याकडे तुकडा पडलेला असतोच.

इंजिनाचा जोर पुढच्या चाकांवर आणि पंख दाबणार मागची, याकडे तूर्त काणाडोळा करावा.

आता हिशेब. सव्वा मीटर लांब, वीतभर रुंद असा साधा पंख ताशी 300 किलोमीटरला साधारण 100 किलोचा दाब देतो. दाब वेगाच्या वर्गाने घटतो, म्हणजे 60 ला उरतात चार किलो. भावडबारी घाटात लासलगावला कांदा नेणाऱ्या ट्रॅक्टरमागे 20 ने रांगताना अर्धा किलोसुद्धा नाही.

मग डिक्कीत कांद्याची गोणीच का टाकू नये? शंका रास्त आहे. गोणी टायर दाबते खरी, पण वळणावर तीच गाडीला बाहेर ओढते आणि ब्रेक लावला की पुढे रेटते. हवेच्या दाबाला स्वतःचं वजनच नसतं. टायर रुततो, पण वळवायचं ओझं वाढत नाही. ले मान्सच्या शर्यतीत 24 तास पळणाऱ्या गाड्यांचा सगळा जीव यासाठी. तेही फुकट नाही : लांब सरळ पट्ट्यावर पंख हवा अडवतो आणि इंधन पितो, म्हणून तिथे तो जवळपास आडवाच ठेवतात. प्यूजोने तर 2022 मध्ये 9एक्स8 बिनपंखाचीच उतरवली, गाडीच्या बुडाखालची हवा पुरेल म्हणून. 2024 मध्ये निमूट पंख लावला.

चाचणीसाठी पंखाखाली लोकरीचे दोरे चिकटवावेत. सरळ मागे उडाले तर उत्तम. भिरभिरले तर हवा पंखाला सोडते आहे, कोन कमी करावा. पाच कंदील चौकात ही चाचणी करू नये, गर्दी जमते.

ब्रॅकेटची मजबुती घरीच कळेल. आजीने पंखावर ओली गोधडी वाळत घातली, की ताशी 60 पेक्षा जास्त दाब उभ्या गाडीवर मिळतो.