दिवाळीतला माळकरी

पंढरीच्या माळकऱ्याच्या गळ्यात तुळशीची माळ असते. हा दुसरा माळकरी वसुबारसेच्या आधीच्या रविवारी गळ्यात दिव्यांची माळ घालून स्टुलावर चढलेला दिसतो. खिशात टेस्टर, दातांत काळ्या टेपचं टोक आणि खाली स्टूल धरून काकू. ‘अहो, शेजारचा कंदील कालच लागला,’ असं त्या म्हणाल्या की वरून उत्तर येतं, ‘लागला नाही, वायरीला लटकलाय नुसता!’

तो जन्मापासून असा नव्हता. पुण्याच्या तपकीर गल्लीतून आणलेली त्याची पहिली माळ जुन्या वळणाची होती. सहा व्होल्टचे ४० दिवे एकापुढे एक. चाळीस सक दोनशे चाळीस, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टला हिशेब बरोबर. एक दिवा गेला की सगळी माळ जायची. मग हा गेलेला दिवा हुडकून कापायचा, वायरी पिळायचा, टेप गुंडाळायचा. माळ पुन्हा लागायची, तीही पूर्वीपेक्षा झगझगीत! असे दहा दिवे कामी आल्यावर उरलेल्या ३० जणांच्या वाट्याला साडेसात व्होल्टांहून जास्त येऊ लागले. रिकाम्या जागा न भरलेल्या कचेरीसारखं झालं: उरलेले जास्त राबले, जास्त तापले आणि भराभर गेले. माळेला प्लग नव्हताच. दोन उघडी टोकं सॉकेटात खोचून वर काडेपेटीच्या काड्या ठोकलेल्या. (एका अख्ख्या पिढीचं विद्युतशास्त्र या दोन काड्यांवर उभं होतं.)

मग एका दिवाळीत ओल्या हाताने जोड सरळ करताना असा झटका बसला, की दुसऱ्या हातातली चकली समोरच्या इमारतीत जाऊन पडली, असं काकू सांगतात. तेव्हा त्याने खऱ्या अर्थाने माळ घातली.

आता कागदी कंदिलात ६० वॅटचा पिवळा बल्ब दिसला की तो जिने चढून त्या घरी जातो. ‘अहो, ही शेगडी टांगलीत तुम्ही! वीज जाते तापण्यात. नऊ वॅटचा एलईडी लावा, उजेड जवळपास तेवढाच.’ लोखंडी ग्रिलला माळ तारेने आवळलेली दिसली, तर खिशातून नायलॉनचे टाय काढून स्वतःच बांधून देतो. तार वायरीचं कातडं कापते आणि मग ग्रिलमध्ये करंट उतरतो. गॅलरीबाहेरच्या माळेच्या खोक्यावर त्याला आयपी६५ छापलेलं लागतं, म्हणजे धूळ आत जात नाही आणि पाण्याचा फवाराही चालतो. ‘दिवाळीत कुठला आलाय पाऊस?’ असं दुकानदाराने म्हणायचा अवकाश, परतीच्या पावसाने भिजवलेल्या दिवाळ्यांची यादी सुरू होते. माणूस वैताग आणतो खरा, पण चुकीचं एक अक्षर बोलत नाही.

त्याचं खरं दैवत मीटरशेजारच्या पेटीत आहे. ‘आमच्याकडे एमसीबी आहे की,’ असं कुणी म्हणालं की तो कीव आल्यासारखा हसतो. ‘सहा अँपिअर म्हणजे ६,००० मिलिअँपिअर. तुम्ही चिकटून बसलात तरी त्याला पत्ता लागायचा नाही. तो वायरी वाचवतो, तुम्हाला नाही.’ याचा आरसीसीबी जाणारा आणि परतणारा करंट ताडून बघतो. ३० मिलिअँपिअरची तफावत आली की डोळ्याचं पातं लवायच्या आत वीज तोडतो. दर महिन्याच्या एक तारखेला हा त्याचं ‘टी’ बटण दाबून परीक्षा घेतो, आणि काकूंची मालिका ऐन वळणावर बंद पडते.

परवाच्या लक्ष्मीपूजनाला चौरंग मांडला, हळदकुंकू वाहिलं, आणि खट्ट! घरभर काळोख. पाहुण्यांत अपशकुनाची कुजबुज सुरू झाली. कारण गॅलरीत सापडलं: भाच्याने हौसेने जोडलेली जादा माळ, तिचा उघडा जोड नुकत्याच धुतलेल्या ग्रिलला टेकलेला. भाच्याला वाटलं, आता मामा फाडून खाणार.

मामा पेटीसमोर मोबाइलचा टॉर्च धरून उभा होता. ‘पडला! बघितलंस? चार वर्षांत पहिल्यांदा खरोखरचा पडला!’

काकूंनी समईच्या उजेडात त्याच्या हातात आरतीचं तबक दिलं. ‘बघितला. आता त्याचीच ओवाळून घ्या, नंतर लक्ष्मीची.’