मी कुठे घोरतो?

घोरणाऱ्या माणसाइतका निर्धास्त आरोपी दुसरा सापडायचा नाही. रात्रभर घर हलवून सोडतो आणि सकाळी चहाचा घोट घेत म्हणतो, "छे, मी कुठे घोरतो?" बरं, खोटंही बोलत नसतो. घरात तो आवाज न ऐकलेला तो एकटाच. बायकोने मोबाइलवर रेकॉर्डिंग ऐकवलं, तरी "पंख्याला तेल घालायला झालंय" हा बचाव तयार.

लग्नाच्या कार्यालयात रात्री गाद्या घालताना "काकांना त्या टोकाला द्या" असं कुणीतरी हळूच सुचवतंच. काका आडवे होतात, पाच मिनिटांत सुरू होतात आणि ज्यांची झोप मोडली तेच कौतुकाने म्हणतात, "काय ढाराढूर झोपलेत बघा!" घोरणं म्हणजे गाढ झोप, ही आपली जुनी समजूत. एवढ्या आवाजात माणूस झोपू शकतो, म्हणजे झोप पक्कीच असणार!

खरा प्रकार असा. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात आणि हवेची वाट अरुंद होते. त्या फटीतून श्वास जाताना मऊ टाळू आणि पडजीभ थरथरतात, तेच घोरणं. उताणं झोपलं की जीभ मागे पडून वाट आणखी आवळते. म्हणजे कोपराने ढोसून "कुशीवर वळा" म्हणणारी बायको शास्त्रशुद्ध उपचारच करत असते. इथवर त्रास बहुतेक शेजाऱ्याचाच.

पण काहींची वाट पुरतीच मिटते. छाती हलते, पोट हलतं, हवा मात्र आत जात नाही. आवाज बंद. शेजारी पडलेला "सुटलो बुवा" म्हणून डोळे मिटतो, आणि मला भीती वाटते ती नेमकी याच वेळेची. रक्तातला ऑक्सिजन उतरू लागतो, मेंदू खडबडून माणसाला क्षणभर जागा करतो, मोठ्या हुंकाराने श्वास सुटतो आणि घोरणं पुढे चालू. यालाच स्लीप ॲप्निया म्हणतात. श्वास निदान 10 सेकंद अडला तर तो मोजतात. अडलेले आणि अर्धवट अडलेले श्वास मिळून तासाला 30 च्या वर गेले तर आजार तीव्र. दर दोन मिनिटांनी कुणी दार ठोठावून उठवावं, तशी ती रात्र. काकांना त्यातलं काही आठवत नाही. फक्त सकाळी डोकं जड असतं, रक्तदाब गोळ्यांना दाद देत नाही आणि दुपारी पेपर वाचता वाचता मान कलते.

प्रत्येक घोरणाऱ्याला हे असतं असं नाही, आणि नुसत्या आवाजावरून ठरवताही येत नाही. त्यासाठी झोपेची तपासणी लागते. शिवाय पेशंटला रात्रीचं काही आठवत नसतं, म्हणून डॉक्टर पेशंटपेक्षा बायकोला जास्त प्रश्न विचारतात. बायकाही घोरतात, रजोनिवृत्तीनंतर तर अधिकच. पण तिथे साक्षीदार आधीच घोरत पडलेला असल्याने तक्रार नोंदवली जात नाही.

या आजारावर उपाय म्हणून 1981 साली सिडनीचे डॉक्टर कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाने हवा सोडून घशाची वाट उघडी ठेवायची युक्ती जगापुढे मांडली. सुरुवातीच्या यंत्राला मोटर होती व्हॅक्युम क्लीनरची. ते लावून झोपणाऱ्यांच्या बायकांना एक आवाज जाऊन दुसरा आला, एवढाच फरक पडला असणार. आजची यंत्रं पुष्कळच शांत आहेत. तरी तोंडावर मास्क चढवून झोपायचं म्हटलं की काका म्हणतात, "मी काय फायटर विमान चालवतोय?"

त्यांच्यासाठी स्वित्झर्लंडमधल्या संशोधकांचा 2005 सालचा प्रयोग सांगण्यासारखा आहे. त्यांनी स्लीप ॲप्नियाचा मध्यम त्रास असलेल्या घोरणाऱ्यांना डिजेरिडू नावाचं ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं लांबलचक वाद्य फुंकायला शिकवलं. चार महिन्यांच्या रियाजाने घशाला व्यायाम झाला, दिवसाची पेंग कमी झाली, शेजारी झोपणाऱ्यांचीही तक्रार घटली. 2017 साली या प्रयोगाला इग नोबेल मिळालं, तेही शांततेचं. आमच्या सोसायटीत हे करायचं तर आधी वार्षिक सभेत ठराव मांडावा लागेल, आणि तो मंजूर झालाच तर वरच्या मजल्यावरचे जोशी फ्लॅट विकायला काढतील.